हक्क विकावा की बजावावा?

आमच्या कामरेज तालुक्यात उसाच्या मळ्यांशेजारी नव्या वसाहतींच्या पाट्या उभ्या राहू लागल्या, त्याला आता बरीच वर्षे लोटली. जमिनीचा व्यवहार ठरला की येथे प्रथम ‘बानाखत’ होते. बाना म्हणजे आपल्या मराठीतला विसार. घेणारा थोडी रक्कम देतो, भाव ठरतो, मुदत ठरते, आणि मुदतीच्या आत उरलेले पैसे भरून खरेदीखत करून घ्यावयाचे असते. मधल्या काळात महामार्गालगतचे भाव चढले, तर त्या कागदालाच किंमत येते. मग कागद बाळगणाऱ्यापुढे दोन वाटा उरतात. उरलेली सारी रक्कम उभी करून जमीन आपल्या नावे करावी, ही एक. आणि तो हक्कच दुसऱ्या गिऱ्हाइकाला नफा घेऊन देऊन टाकावा, ही दुसरी. कामरेज हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला महाल होता. त्या गायकवाडी अमलापासून या बाजूस स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही.

शेअरबाजारात ज्याला ‘कॉल ऑप्शन’ म्हणतात, तो याच जातीचा हक्क होय. ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीस, ठरलेल्या संख्येचे शेअर विकत घेण्याचा हा हक्क. त्यासाठी जो विसार मोजावयाचा, त्याला प्रीमियम म्हणतात. फरक एवढाच की, बानाखताने दोन्ही पक्ष बांधले जातात, तर येथे बांधला जातो तो हक्क विकणारा. घेणारा मोकळा असतो. भाव पडला तर त्याने हक्क सोडून द्यावा. त्याचा प्रीमियम तेवढा बुडतो. भाव चढला तर मात्र बानाखतवाल्यासारखाच प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. हक्क विकावा, की बजावावा?

हा विषय या महिन्यात घेण्याचे कारण एका वाचक भगिनींचे पत्र. त्यांचे चिरंजीव सुरतेच्या कापडबाजारात एका पेढीवर हिशेब लिहितात. त्यांनी एका मोठ्या कंपनीच्या शेअरवर एक कॉल घेतला आणि तो नफ्यात आला. आता मुलाचे म्हणणे असे की, विकून पंचवीस-सत्तावीस हजार हाती घेण्यापेक्षा हक्क बजावून शेअरच घरात आणावेत. पैसा खर्चून जातो, शेअर ही मिळकत आहे. त्यासाठी लागणारे ५ लाख रुपये धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी म्हणून बँकेत मुदत ठेवीत ठेवलेले आहेत. भगिनी विचारतात, “सौदा तर नफ्यात आहे, मग ठेव मोडण्यात धोका कसला?”

प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचे उत्तर हिशेब मांडल्याखेरीज मिळणार नाही. कंपनीचे नाव गाळून आणि आकडे सोयीसाठी सारखे करून तो मांडू. समजा, ठरलेला भाव ५०० रुपये आणि एका लॉटमध्ये १,००० शेअर. मुलाने दर शेअरमागे २० रुपये, म्हणजे एकूण २०,००० रुपये प्रीमियम दिला. आज शेअरचा भाव ५४० आहे, मुदत संपावयास बारा दिवस आहेत, आणि बाजारात त्या कॉलला ४७ रुपये भाव मिळतो आहे.

आता येथे कोणाच्याही मनात शंका येईल. ५४० चा शेअर ५०० ला घेण्याचा हक्क म्हणजे ४० रुपयांचा फायदा. मग बाजार ४७ का देतो? वरचे ७ रुपये कशाचे? ते आहेत उरलेल्या बारा दिवसांचे. या बारा दिवसांत भाव आणखी चढला, तर हक्क बाळगणाऱ्याला सारी वाढ मिळणार. भाव कोसळला, तर त्याचे नुकसान हक्काच्या किमतीपुढे जाणार नाही. शिवाय ५ लाख रुपये आज मोजावयाचे नाहीत, त्यांचे व्याज चालू राहते. ही सवलत विकत घेण्यास माणसे तयार असतात आणि तिची किंमत ७ रुपये ठरली आहे. म्हणून कॉलच्या भावाचे दोन भाग करून पाहावे. ४० रुपये हे हक्काच्या अंगचे मूल्य, आणि ७ रुपये हे मुदतीचे मूल्य. दिवस सरतील तसे दुसरे मूल्य विरघळत जाते आणि अखेरच्या क्षणी शून्य होते.

एवढे लक्षात आले म्हणजे उत्तर आपोआप समोर येते. हक्क ४७ रुपयांना विकला, तर दिलेले २० वजा जाऊन दर शेअरमागे २७, म्हणजे २७,००० रुपये हाती येतात. तोच हक्क आज बजावता आला असता, तर ५ लाख मोजून ५ लाख ४० हजारांचे शेअर मिळाले असते. त्यातून प्रीमियमचे २०,००० वजा करता उरला असता २०,००० चा नफा, आणि तोही कागदावरचा. मधले ७,००० कोठे गेले? हक्क बजावणाऱ्याने ते आपल्या हाताने टाकून दिले.

कोणी म्हणेल, मला तर शेअरच हवे आहेत. तरीही हिशेब पालटत नाही. कॉल ४७ ला विकावा आणि बाजारातून ५४० ला शेअर घ्यावेत. ५४० मध्ये दिलेले २० मिळवून मिळालेले ४७ वजा केले, तर शेअर ५१३ ला पडला. हक्क बजावून घेतला असता, तर ५०० अधिक २०, म्हणजे ५२० ला पडला असता. कर आणि दलाली यांनी हे अंतर थोडे कमीजास्त होईल, परंतु सात रुपयांचे मुदत-मूल्य त्यांनी सहसा भरून निघत नाही. अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९७३ साली हीच गोष्ट गणिताने सिद्ध केली की, ज्या शेअरवर मुदतीच्या आत लाभांश मिळावयाचा नाही, त्याचा कॉल मुदतीपूर्वी बजावणे कधीही फायद्याचे नसते. दूरच्या विद्यापीठातला सिद्धांत म्हणून बिचकण्याचे कारण नाही. बानाखताचा हक्क हातोहात विकणारा आपल्याकडचा व्यापारी तेच व्यवहाराने जाणतो.

आता आपल्या देशातल्या नियमांकडे वळू. कारण अर्धा प्रश्न त्यांनीच निकालात काढलेला आहे. आपल्याकडे राष्ट्रीय शेअरबाजारात एकेका कंपनीच्या शेअरवरील ऑप्शन जुलै २००१ मध्ये सुरू झाले. त्या वेळी ते मुदतीपूर्वी केव्हाही बजावता येत आणि फरकाची रक्कम रोखीने मिळे. २०११ च्या आरंभापासून ही पद्धत बदलली. आता हक्क बजावला जातो तो मुदतीच्या अखेरच्या दिवशीच. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा. सेबीने २०१८ साली आदेश काढला आणि ऑक्टोबर २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने सर्व शेअरांच्या बाबतीत फरकाची रोख रक्कम देणे बंद झाले. तेव्हापासून मुदतीच्या दिवशी नफ्यात असलेला कॉल म्हणजे पूर्ण पैसे मोजून पूर्ण शेअर घेणे.

यातली खुबी ध्यानात घ्यावी. मुदतीच्या अखेरीस नफ्यात असलेला हक्क आपोआप बजावला जातो. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, सही करावी लागत नाही. ज्याने काहीच ठरवले नाही, त्याच्या नावावर ५ लाखांची खरेदी येऊन पडते. २०,००० रुपयांच्या खेळात उतरलेल्या माणसाला ५ लाखांची जुळवाजुळव करावी लागते. म्हणूनच अखेरच्या चार दिवसांत, नफ्यात असलेल्या हक्कावरही क्रमाने वाढत जाणारी अनामत ठेवावी लागते. ती भरता आली नाही, तर दलाल सौदा आपल्या सवडीने आणि मिळेल त्या भावाने मोडू शकतो; आणि शेअर आल्यावर पैसे कमी पडले, तर शेअर विकून वसुली होते, वर व्याज आणि दंड. “बघू, अजून दोन दिवस आहेत,” असे म्हणत बसणाऱ्याचा निर्णय अशा रीतीने दुसरेच कोणी करून टाकते.

कराच्या बाबतीतही एक जुना सापळा होता. १ सप्टेंबर २०१९ पूर्वी, बजावलेल्या हक्कावरील व्यवहार-कर शेअरच्या पूर्ण किमतीवर ०.१२५ टक्के या दराने लागे. आपल्या उदाहरणात भाव शेवटी ५०० रुपये ५० पैसे राहिला असता, तर अंगचा नफा ५०० रुपये आणि कर मात्र सव्वासहाशे! त्या तारखेपासून बजावलेल्या हक्कावरील हा कर अंगच्या मूल्यावर आकारण्याची तरतूद झाली, हे बरे झाले. तरीही अजून कित्येक जण तो जुना नियम मनात धरून सल्ले देत असतात, म्हणून येथे नमूद केले.

हे सारे नव्या जमान्याचे खूळ आहे, असे मात्र कोणी समजू नये. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात थेलीस नावाच्या तत्त्वज्ञाची हकीकत दिली आहे. ऑलिव्हचे पीक भरघोस येणार असा अंदाज बांधून थेलीसने हिवाळ्यातच थोडाथोडा विसार देऊन तेलाचे घाणे आपल्यासाठी राखून ठेवले, आणि हंगामात ते मन मानेल त्या दराने भाड्याने दिले. सतराव्या शतकात आम्स्टरडॅमला डच ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरांवर असे हक्क सर्रास विकले जात. याच कंपनीची वखार सुरतेत होती, आणि तिच्या व्हान रीड या बड्या अधिकाऱ्याचे भव्य थडगे सुरतेच्या डच दफनभूमीत आजही उभे आहे. आम्स्टरडॅमच्या बाजारावर जोसेफ द ला वेगा यांनी १६८८ साली स्पॅनिश भाषेत पुस्तक लिहिले. ऑप्शन हा शब्द ‘निवड’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला, हे त्यांनी त्यात सांगितले आहे.

आपल्या मुंबईच्या बाजारातही हे हक्क जुनेच. त्यांना नावेही आपलीच होती: चढत्या भावाच्या हक्काला तेजी, उतरत्याला मंदी, दोन्ही एकत्र असले तर तेजी-मंदी. १९५६ च्या रोखे करार कायद्याने असे सर्व सौदे बेकायदा ठरवले, आणि ते ठरवताना इंग्रजीत लिहिलेल्या त्या कायद्याच्या व्याख्येत ‘तेजी’, ‘मंदी’ हे बाजारातले शब्द जसेच्या तसे घालावे लागले. ती बंदी १९९५ साली उठली. बंदी घालण्यामागे सट्ट्याची भीती होती आणि ती निराधार नव्हती. सुरतेत जन्मलेले प्रेमचंद रायचंद ज्या काळात मुंबईच्या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते, तो १८६४-६५ चा काळ आठवावा. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरांचे वेड शिगेला पोचले. बॅक बेच्या भरणी-कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० पर्यंत गेल्याचे सांगतात. पुढच्या तारखेचे असंख्य सौदे झाले होते आणि त्यांतील पुष्कळांची तारीख होती १ जुलै १८६५. त्यापूर्वीच यादवी संपली, कापूस उतरला, आणि तो दिवस उजाडला तेव्हा ठरलेले पैसे मोजण्यास कोणाजवळ पैसेच नव्हते. भल्याभल्या पेढ्या बसल्या. ते सौदे हक्काचे नव्हते, बांधिलकीचे होते, हे खरे. परंतु धडा आपल्या प्रश्नाला लागू आहे. भाव ठरवणे सोपे असते. मुदतीच्या दिवशी संपूर्ण रक्कम हजर असणे, ही गोष्ट निराळी.

आता अपवादांचा विचार केला पाहिजे, कारण आपल्या वाचकांची मुलेबाळे आज दूरदूर पसरली आहेत. अमेरिकेत शेअरवरील ऑप्शन मुदतीपूर्वीही बजावता येतात. तेथे मोठा लाभांश मिळावयाच्या आदल्या दिवशी, उरलेल्या मुदत-मूल्यापेक्षा तो लाभांश अधिक असेल, तर हक्क बजावणे शहाणपणाचे ठरते. कारण लाभांश शेअरधारकाला मिळतो, हक्कधारकाला नाही. दुसरा अपवाद नोकरदारांचा. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९९४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी शेअर देण्याची योजना सुरू केली. पुढे ही प्रथा अनेक कंपन्यांत रुजली. कंपनीने नोकराला दिलेला असा हक्क बाजारात विकता येत नाही. तेथे बजावणे किंवा सोडणे, एवढेच हाती असते. त्यातही आपल्याकडे हक्क बजावताच, बाजारभाव आणि दिलेला भाव यांतील फरक पगारात धरून त्यावर कर आकारला जातो. शेअर विकला नसला तरी कर लागतो, हे ज्यांची मुले अशा नोकऱ्यांत आहेत त्यांनी आधीच विचारून घ्यावे.

तिसरा अपवाद बाजाराच्या मंदपणाचा. भाव ठरलेल्या किमतीच्या फार वर गेला, म्हणजे त्या विशिष्ट कॉलला गिऱ्हाइके विरळ होतात, आणि कोणी अंगच्या मूल्याहूनही कमी भाव देऊ करतो. आपल्या उदाहरणात ४० चे मूल्य असताना कोणी ३६ म्हणू लागला, तर घाईने देऊन टाकू नये. आपला भाव लिहून ठेवावा आणि वाट पाहावी. मुदतीच्या अगोदर दोन-तीन आठवडे विकावयास निघालेल्याला अशी वाट पाहता येते. अखेरच्या दुपारी निघालेल्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या प्रश्नाकडे येतो. धोका कसला, असे त्या विचारतात. आज चिरंजीवांच्या हाती जो हक्क आहे, त्यात त्यांचे जास्तीत जास्त २०,००० रुपये जाऊ शकतात. ठेव मोडून शेअर घेतले आणि भाव ४५० वर आला, तर त्याच माणसाचे प्रीमियमसह ७०,००० जातील. सौदा नफ्यात आहे तो हक्काच्या रूपात. शेअरच्या रूपात तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मुलाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: हा कॉल कधी घेतलाच नसता, तर बहिणीच्या लग्नाची ठेव मोडून या कंपनीचे १,००० शेअर आज ५४० च्या भावाने मी घेतले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर हक्क विकून टाकावा. उत्तर ‘होय’ असेल, तरी ते पैसे त्याचे नाहीत, बहिणीचे आहेत. माझे स्पष्ट मत असे की, कॉल विकावा, ठेवीला हात लावू नये, आणि शेअर ही मिळकत आहे यावर मुलाची खरोखर श्रद्धा असेल, तर आलेल्या २७,००० मधून कर बाजूला काढून उरलेल्या रकमेचे जितके येतील तितके शेअर घ्यावेत. पन्नास-चाळीस शेअरांनीही माणूस कंपनीचा भागीदारच होतो. ऑप्शनचा नफा हा प्राप्तिकराच्या दृष्टीने धंद्याचे उत्पन्न ठरतो. तो विवरणपत्रात दाखवावयाचा असतो, हेही मुलाला सांगावे. हिशेब लिहिणाऱ्याला ते अवघड नाही.

आणखी एक गोष्ट आईच्या कानावर घातली पाहिजे. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा सौद्यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि त्यांचा सरासरी तोटा खर्चासह दर माणशी सुमारे २ लाख रुपये होता. २०२४-२५ या वर्षातही तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के होते. पहिला सौदा नफ्यात जाणे ही या बाजारातली काही अपूर्व घटना नव्हे. दुसरा आणि तिसरा सौदा मोठा करावयास तीच लावते. जी कुटुंबे सरकारी नोकरीत आहेत, त्यांच्यापुढे तर हा प्रश्न उद्भवताच कामा नये. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील सोळाव्या नियमाने सट्टा वर्ज्य केला आहे, आणि शेअरांची वारंवार खरेदी-विक्री हाही सट्टाच मानला आहे.

ज्याच्या हाती आज असा हक्क असेल, त्याने मुदतीची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहावी आणि तिच्या आठ दिवस अगोदर दुसरी खूण करावी. पहिल्या तारखेस बाजार ठरवतो. दुसऱ्या तारखेपर्यंत आपण ठरवू शकतो. त्या दिवशी घरातल्या ज्या माणसाचे पैसे गुंतणार आहेत, त्याला शेजारी बसवून वरचा हिशेब एका कागदावर मांडावा. या घरात ती व्यक्ती धाकटी बहीण आहे. तिला अजून कोणी विचारलेले पत्रावरून तरी दिसत नाही.